मागची सीट

"ताई, स्टँड." मागून कुणीतरी ओरडून सांगितलं आणि लुआचा डावा हात हँडल सोडून आपोआप पुढे गेला. नवऱ्याच्या, खांगच्या, खांद्यावर चापट मारायची आणि म्हणायचं, अहो, स्टँड वर घ्या. हात अर्ध्या वाटेत थबकला. पुढे खांदा नव्हताच. पुढे नुसता आरसा होता, आरशात तिचंच फुलाफुलांचा मास्क बांधलेलं तोंड, आणि त्यापलीकडे सिग्नलचे लाल आकडे एकेक करून खाली उतरत होते. क्षणभर तिला खरंच कळेना की खांग गेला कुठे. मग ती ओरडणारी बाई शेजारी येऊन थांबली. डोक्यापासून घोट्यापर्यंत उन्हाच्या अंगरख्यात गुंडाळलेली, डोळे तेवढे उघडे. तिने बोट खाली दाखवलं. "डावीकडं वळला असतात ना, तर ह्यानंच उचलून आपटलं असतं. नवीन दिसताय." लुआने टाचेने स्टँड मागे ढकलला. बाजारातल्या कापडाच्या दुकानापासून इथवर, शाळा सुटलेल्या पोरांमधून, बसच्या कडेने, ती हा लोखंडी पाय खाली सोडून आली होती आणि तिला पत्ता नव्हता. सायगॉनमध्ये शेजारच्या घरातल्या माणसाचं नाव ठाऊक नसतं, पण स्टँड खाली राहिलेल्या गाडीला कुणी तसंच पुढे जाऊ देत नाही. भाजीवाली ओरडते, शाळकरी पोर ओरडतं, ज्याच्याशी सकाळीच पार्किंगवरून तंडलो तोही ओरडतो. फक्त ती ओरड आजवर पुढच्या माणसासाठी असायची. लुआ मागची होती.

वीस-बावीस वर्षं मागची. आणि मागे बसणाऱ्याचं शहर वेगळंच असतं, हे पुढे बसेपर्यंत तिला माहीत नव्हतं. मागच्याला समोरचं काही दिसत नाही, समोर पाठ असते. खांगची पाठ तिला त्याच्या तोंडापेक्षा जास्त ओळखीची होती. मानेवरचा तीळ, घामाने दुपारी उमटणारा ओला डाग, सर्दी झाली की उजवा खांदा जरा वर चढायचा तो. बाकी शहर दोन्ही बाजूंनी वाहत जायचं. दुसऱ्या मजल्यावरचे पिंजरे, पिंजऱ्यातले पक्षी, वाळत घातलेल्या विजारी, खिडकीशी मान मोडून शिवत बसलेला शिंपी, उंच झाडांवरून दोन पंखांच्या तपकिरी बिया गरगरत खाली यायच्या त्या. कुठे जायचं, कसं जायचं, कुणाला वाट द्यायची, ही काळजी पाठीची. लुआने आयुष्यातला बहुतेक विचार त्या सीटवर केला. दुसरं मूल नको हे तिने खांगच्या मानेला सांगितलं होतं. दुकान टाकूया, हेही मानेलाच. भांडणंसुद्धा गाडीवर बरी व्हायची, कुणाला कुणाचं तोंड बघावं लागायचं नाही. कधी पेंग यायची, गाल त्या ओल्या डागावर टेकायचा, आणि शहराचा गोंगाट पाण्याखालून आल्यासारखा लांब जायचा. तेव्हा आपण कुठेतरी पोचणार आहोत हेही ती विसरून जायची. फक्त एखादा ट्रक अंगावर आला की तिचे दोन्ही हात खांगच्या कंबरेत रुतायचे. रात्री सदरा काढला की तो नखांचे वण दाखवायचा आणि म्हणायचा, "हे बघ, आज किती ट्रक भेटले ते."

खांगचा धंदाच गाडीवरचा. गल्लीच्या तोंडाशी गाडी लावून, हँडलवर पाय टाकून तो सीटवर आडवा व्हायचा, आणि गिऱ्हाईक आलं की उठून त्याला मागे घेऊन जायचा. गर्भार बाया, कोंबड्यांच्या टोपल्या, परीक्षेला उशीर झालेली पोरं, एकदा तर मोठा आरसा घेतलेला माणूस, ज्याच्यामुळे सगळ्या रस्त्याला उलटं आकाश दिसलं म्हणे. पुढे मोबाइलवरून बोलावलेली हिरव्या जाकिटातली पोरं आली आणि गिऱ्हाइकं कमी झाली. तरी खांग जाकीट घालायला तयार झाला नाही. त्याचा एकच तोरा होता. तो कधी कुणाच्या मागे बसला नव्हता. लग्नाच्या दिवशीदेखील नाही. त्या दिवशी नवऱ्या मुलाला गाडी चालवू नको म्हणून थोरल्या भावाने बजावलं, तर हा कोट घालून स्वतःच लुआला मागे घेऊन आला. "मागं गिऱ्हाईक बसतं," तो म्हणायचा. तेव्हा ते ऐकून तिला हसू यायचं.

टेतचा सण होऊन गेल्यावर, नव्या वर्षाची शिळी मिठाई अजून डब्यात होती तेव्हा, एका सकाळी त्याच्या उजव्या हातातून वाटी पडली. त्याने वाकून वाटीकडे पाहिलं, ती उचलायला हात खाली न्यायला गेला, आणि हात गेलाच नाही. जीभही जडावली. पाय पुढे हळूहळू आला, फरफटत का होईना चालू लागला. हात तसाच राहिला. उजवा, म्हणजे गती देणारा आणि पुढचा ब्रेक दाबणारा. डॉक्टरांनी सांगितलं की यायचा असेल तर पहिल्या काही महिन्यांत येईल, व्यायामाला दिवसाआड आणा, उशीर करू नका. नदीपलीकडच्या त्या रुग्णालयात दोनदा मोटारीने नेलं. बंद काचांच्या मोटारीत खांगला मळमळून आलं, आणि तिथे व्यायाम करून घेणाऱ्या मुलीने त्याला सगळ्यांसमोर एका वाटीतले मूग दुसऱ्या वाटीत टाकायला लावले. शेजारच्या थरथरत्या म्हाताऱ्याची वाटी भरली. खांगची रिकामी राहिली. त्यानंतर तो जाईनाच. मोटार नको, हिरव्या जाकिटातल्या पोरांच्या मागे तर मुळीच नको, त्याचा जुना सोबती सातवेभाऊ न्यायला तयार होता तर त्याच्या मागेही नको. "घरीच होईल," असं जड जिभेने म्हणायचा आणि गल्लीच्या तोंडाशी प्लास्टिकच्या खुर्चीत जाऊन बसायचा. मुलगा कोरियात, कारखान्यात. तो फोनवर रागावायचा, मग रडायचा, मग पुन्हा कामावर जायचा. दिवस चालले होते. लुआला रात्री जाग आली की पहिल्यांदा तोच विचार यायचा, आणखी एक दिवस गेला. तिला त्याचा हात परत हवा होता. बाकी काहीही नको होतं.

म्हणून तिने गाडी शिकायची ठरवली. दुसऱ्याच्या मागे बसणार नाही म्हणतो, बायकोच्या मागे तरी बसेल, असा तिचा हिशेब. शिकवायला सातवेभाऊ. भावंडांतल्या क्रमांकावरून पडलेलं नाव. खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवावं लागायचं. सकाळी बाजार उघडण्याआधी पाडलेल्या गोदामाच्या मोकळ्या जागेत शिकवणी चालायची. खांग खुर्ची घेऊन कडेला बसायचा. येणार नाही म्हणायचा आणि सगळ्यांच्या आधी येऊन बसलेला असायचा.

"वहिनी, आधी ही झूल आत खोचा," सातवेभाऊ तिच्या उन्हाच्या अंगरख्याकडे बघून म्हणाला. "चाकात गेली की चाक तुम्हाला सोडत नाही. हं. आता नजर. कुठं बघताय?"

"चाकाकडं."

"चाक काही पळून जात नाही. लांब बघा. गाडी नजरेमागं जाते. खड्ड्याकडं बघितलं की खड्ड्यात."

तिला ते पटायचं आणि जमायचं नाही. जन्मभर बाजूला बघायची सवय. मान आपोआप वळायची, एखाद्या गच्चीवरचं जास्वंद दिसायचं आणि गाडी त्या जास्वंदाकडे निघायची. तरी हळूहळू येऊ लागलं. थांबायचं तर मागचा पायाचा आणि पुढचा हाताचा ब्रेक दोन्ही, पण पुढचा आवळायचा नाही, हळूहळू दाबायचा. पांढऱ्या पट्ट्यावर आणि वाळूवर वळताना ब्रेक नाहीच. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही. ट्रकवाल्याचं तोंड त्याच्या आरशात तुम्हाला दिसत नसेल तर तुम्हीही त्याला दिसत नाही, तिथे रेंगाळायचं नाही. सातवेभाऊ हे सगळं तोंडातली सिगारेट न काढता बोलायचा. पण एक गोष्ट त्यालाही उमजत नव्हती. सगळं ठीक चाललेलं असायचं, आणि एखादं कुत्रं आडवं आलं, की लुआची गाडी थांबायच्या ऐवजी अशी उसळायची की जणू कुत्र्याला गाठायचंच आहे. दोनदा ती पडली. दुसऱ्यांदा गुडघा सोलवटून निघाला आणि ती तिथेच मातीत बसून राहिली. रडली नाही, पण तोंड तसंच झालं होतं.

"क्लच नाही, काही नाही, सोपी गाडी," सातवेभाऊ हताश होऊन म्हणाला. "हिला पुढं पळायला कोण सांगतं तेच कळत नाही."

"ती घाबरली की आवळते," खांग खुर्चीतून बोलला. शब्द तोंडाच्या एका कोपऱ्यातून बाहेर पडत होते.

"काय करते?"

"आवळते. माझ्या कंबरेला विचार."

सातवेभाऊ हसला नाही. लुआने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. खरंच की. भीती वाटली की घट्ट धरायचं, एवढंच तर तिला येत होतं. मागच्या सीटवर त्याने काही बिघडत नव्हतं. पुढच्या सीटवर तीच मूठ आवळली की हँडलची गती देणारी मूठ फिरते, आणि गाडी भीतीकडेच झेप घेते. दुसऱ्या कुणाला हे कळलंच नसतं, कारण दुसऱ्या कुणाच्या अंगावर त्याचे वण नव्हते.

त्या संध्याकाळी, जेवणं झाल्यावर, खांगने फरशीवर तिच्यासमोर बसून डाव्या हाताने आपला उजवा हात उचलला आणि तिच्या मांडीवर ठेवला. "ही मूठ," तो म्हणाला. "धर." तिने धरला. हात गार होता, आणि कुणीतरी विसरून गेलेल्या वस्तूसारखा जड. "मनगट खाली घे. असं धरलंस की आवळलं तरी फिरत नाही. आता घाबर." घाबर म्हटल्यावर कुणी घाबरतं का, ती म्हणाली, आणि बोलता बोलता त्याने डाव्या हातातला चमचा ताटावर असा आपटला की ती दचकून उडाली. तिची बोटं त्याच्या हातात रुतली होती. "गेलीस ट्रकखाली," खांग म्हणाला. "परत." मग रोज संध्याकाळी हा खेळ. कधी चमचा, कधी झाकण, कधी नुसतंच तिच्या कानाशी वाघासारखं गुरगुरणं. वरच्या मजल्यावरची बाई एकदा विचारून गेली, भांडताय का म्हणून. आपण आवळतोय की नाही हे लुआला स्वतःला कळायचं नाही, आणि खांगला त्या हातात काही जाणवायचं नाही. म्हणून तो वाकून तिच्या बोटांचे सांधे बघायचा, पांढरे पडतात का. पंख्याच्या वाऱ्याने दिव्याची सावली भिंतीवर हलत असायची. कधी कधी तो चमचा आपटायचा विसरायचा आणि दोघं तशीच बसून राहायची. लग्नाआधीही त्यांनी असा इतका वेळ हात धरला नव्हता. मग लुआला भीती वाटायची, खरी भीती, की हा हात असाच राहिला तर. आणि ती भीती वाटत असतानाही बोटं सैल ठेवायची, हे तिला त्या फरशीवर जमायला लागलं. परवान्याच्या परीक्षेत जमिनीवर रंगवलेल्या आठच्या आकड्यात ती पहिल्यांदा रेषेकडे बघत राहिली आणि रेषेवर गेली. दुसऱ्यांदा लांबच्या चहावालीकडे बघितलं आणि आठ कधी संपला ते समजलंही नाही.

सिग्नलचे लाल आकडे संपले. हिरवा झाला. मागच्या गाड्यांनी एकदम हॉर्न सुरू केले, आणि अंगरख्यातली बाई मान हलवून निघून गेली. लुआने डावीकडे वळण घेतलं, कालव्याच्या कडेने घरी आली. खांग खुर्चीत, हातात बर्फ घातलेल्या चहाचा ग्लास. तिने गाडी लावली आणि त्याच्या शेजारी पायरीवर बसली.

"आज स्टँड खालीच राहिला होता," ती म्हणाली.

"कुठपर्यंत?"

"पुलाजवळच्या सिग्नलपर्यंत. एका बाईनं सांगितलं." तिने मास्क सोडला. "मी तुम्हाला सांगायला हात पुढं केला."

खांगने ग्लासातला बर्फ गोल गोल फिरवला. "मग?"

"मग काय. तुम्ही नव्हता."

त्याने अर्धा चहा तसाच खाली ठेवला. रात्री चमच्याचा खेळही झाला नाही. सकाळी ती केस बांधत होती तर खांग दाराशी उभा, डोक्यावर हेल्मेट, पट्टा दोन्ही बाजूंनी लोंबतोय. "हा लाव," त्याने हनुवटी वर केली. "कुठं निघालात?" तिने विचारलं. "नेशील तिथं," तो म्हणाला. "मला काय, मी गिऱ्हाईक." तिने पट्टा लावला आणि किल्ली घेतली.

गल्लीच्या तोंडाशी सातवेभाऊने त्याचा उजवा पाय उचलून सीटपलीकडे टाकला. "खांग, भाडं आधी ठरवून घे," तो म्हणाला. "ही बाई नवीन आहे, दुप्पट मागेल." बाकीचे गाडीवाले हसले. खांगही हसल्यासारखा झाला, पण त्याचा श्वास तिच्या मानेवर भराभर लागत होता. मागे बसून करायचं काय हे त्याला ठाऊकच नव्हतं. सोबत्यांच्या डोळ्यांआड होईपर्यंत त्याने कुठेच धरलं नाही, नुसता ताठ बसून राहिला. मग डाव्या हाताने मागची दांडी पकडली. प्रत्येक ब्रेकला त्याचा पाय तिच्या पायामागे, पाय ठेवायच्या दांडीवर, तिथेच ब्रेक असल्यासारखा दाबला जायचा. पहिल्या वळणाला उजवा हात मांडीवरून घसरला आणि लोंबायला लागला. पुढच्या सिग्नलला त्याने तो डाव्या हाताने उचलला, तिच्या कमरेवरून पुढे आणला आणि तिच्या अंगरख्याच्या खिशात ठेवून दिला. रुमाल ठेवावा तसा. 

त्याच सिग्नलला लुआला वजन कळलं. गाडी चालताना हलकी असते. थांबली की ती सगळी, तिच्यावरच्या माणसांसकट, दोन तळपायांवर येते. माणूस मागे जरा हलला तरी मांड्या थरथरतात. इतकी वर्षं प्रत्येक सिग्नलला ती मागे निवांत बसून पिंजऱ्यांतले पक्षी बघत होती, तेव्हा खांग खाली दोन्ही पाय रोवून तिला धरून उभा होता. तिला कधी कुणी सांगितलं नव्हतं. खांगनेही नाही. हिरवा झाला तेव्हा तिला निघावंसं वाटेना, तसंच आणखी थोडं धरून राहावंसं वाटत होतं.

पुलाच्या चढावर कंटेनरचा ट्रक शेजारी आला. त्याची चाकं तिच्या खांद्याएवढी, आणि वारा आत ओढून घेणारा. आरशात ड्रायव्हरचं तोंड दिसेना. बोटं वळायला लागलेली तिला जाणवली. मनगट खाली. तिने मूठ मिटली नाही. हळूच गती कमी केली, ट्रकला पुढे जाऊ दिलं, तो गेला. मागून खांगने सोडलेला श्वास तिच्या पाठीला लागला. उतारावर झाडं लागली.

"ह्या बिया अशा फिरत पडतात?" खांगने विचारलं.

"नेहमीच पडतात."

"मी खाली पडलेल्याच बघितल्या. चाक घसरतं त्यांच्यावर." मग थोड्या वेळाने, "बघ की वर."

"मला नाही बघता येत," लुआ म्हणाली. "तुम्ही बघा."

तो बघत राहिला असावा, कारण पुढचा सगळा रस्ता त्याचा पाय दांडीवर दाबला गेला नाही.

रुग्णालयाच्या फाटकाशी रखवालदाराने हात करून त्यांना कडेला घेतलं. तिने गाडी थांबवली, पाय टेकले. ऊन वर आलं होतं. फाटकातून चाकांच्या खुर्च्या आत चालल्या होत्या, कुणाच्या हातात जेवणाचे डबे, कुणाच्या हातात एक्स-रेची मोठी पाकिटं. खांग उतरेना. तिला वाटलं पायाला मुंग्या आल्या असतील. मग त्याचं हेल्मेट तिच्या हेल्मेटला लागलं आणि तिथेच टेकून राहिलं.

"लुआ."

"काय?"

"आत नको." शब्द लडबडत होते, आणि इतके जवळून आले की तिला ते कानाने नाही, हाडांनी ऐकू आले. "घरी बसलो की वाटतं, हात येईल. इथं त्या पोरीनं सांगितलं की नाही येणार, तर झालं. मग संपलंच."

म्हणजे तोरा नव्हता तो. मोटारीची मळमळ नव्हती, मागे बसायची लाज होती तीही वरवरची. इतके दिवस हा माणूस गल्लीच्या तोंडाशी खुर्चीत बसून एकटाच भीत होता, आणि तिला तो हट्टी वाटत होता.  मागे वळून त्याचं तोंड बघावं असं फार वाटलं, पण वळली असती तर गाडी कलली असती. ती समोर बघत राहिली.

"नाही आला तर काय करायचं?" खांगने विचारलं.

"ओ ताई," रखवालदार म्हणाला, "उतरवून घ्या त्यांना, मागं रांग लागलीय."

"थांबा जरा," लुआ म्हणाली, "त्यांना वेळ लागतो." तिने पाय आणखी थोडे फाकवून घट्ट रोवले. पोटऱ्यांना कापरं भरलं होतं, घाम पाठीवरून उतरत होता, आणि खिशातला त्याचा हात तिच्या पोटाशी तसाच पडून होता. तिला खोटं बोलता आलं असतं. येईल हो, का नाही येणार, असं सगळेच म्हणत होते.

"नाही आला तर नाही आला," ती म्हणाली. "मी आणत जाईन, नेत जाईन. उतरा आता. माझे पाय दुखायला लागले."

 मग डाव्या हाताने त्याने उजवा हात तिच्या खिशातून काढून घेतला. रखवालदाराने पाय उचलायला मदत केली. खांग खाली उतरला, डुगडुगला, सावरला आणि फाटकाकडे तोंड करून उभा राहिला. त्याचं वजन गेल्याबरोबर गाडी एकदम इतकी हलकी झाली की लुआचा तोल जाता जाता राहिला.

"स्टँड," खांग मागे न बघता म्हणाला, आणि पाय ओढत आत चालू लागला.

तिने स्टँड लावला आणि त्याच्यामागे गेली.